आधी कीर्द, मग खतावणी

डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांना मी कधी भेटलेले नाही. माझं नाव त्यांच्या कानावर जाण्याचंही काही कारण नाही. पण माझ्या घरची चूल ज्या कामावर पेटत आली, त्या कामाचं मर्म मला या तिघांच्या एका शोधनिबंधाने दाखवलं. १९९४ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या यूसेनिक्स परिषदेत तो मांडला गेला. त्यांची नेटवर्क अप्लायन्स ही कंपनी तेव्हा अगदी नवी होती. फक्त फाइली सांभाळण्यासाठी तिने एक वेगळं यंत्र बनवलं होतं आणि त्यातल्या 'वॅफल' नावाच्या फाइल सिस्टीमची आतली रचना या निबंधात उलगडून सांगितली होती. नव्या कंपनीने आपल्या मालाचं गुपित असं चारचौघांत मांडावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ते गुपित कळायला आधी अडचण कळली पाहिजे. डिस्क ही फिरती वस्तू. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय हेड आतबाहेर सरकायला वेळ लागतो तो वेगळा. इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या नोंदी लिहायच्या म्हटल्या तर सेकंदाला शंभराच्या आसपास होतात, फार नाही. हीच डिस्क सलग लिहायला मिळालं तर झपाझप लिहिते. म्हणून फाइल सिस्टीम पूर्वीपासून एक युक्ती करत आल्या: लिहायचा मजकूर आधी साध्या मेमरीत ठेवायचा, थोडा साठला की डिस्कवर न्यायचा. मधल्या वेळात वीज गेली की मेमरीतलं सगळं गेलं.

घरच्या कॉम्प्युटरवर अर्ध्या मिनिटाचं काम गेलं तर माणूस हळहळतो आणि पुन्हा करतो. दहाजणांच्या फाइली सांभाळणाऱ्या सर्व्हरला ही मुभा नाही. नेटवर्कवरून फाइली वाचण्या-लिहिण्याच्या एनएफएस या पद्धतीची त्या काळची अट कडक होती: मजकूर वीज गेली तरी टिकेल अशा जागी पोचल्याशिवाय 'लिहिलं' असं उत्तर द्यायचं नाही. तोवर पलीकडचा प्रोग्रॅम ताटकळत उभा.

वॅफलने मधे एक छोटी मेमरी घातली. तिच्या पाठीशी बॅटरी होती, त्यामुळे वीज गेली तरी तिच्यातलं पुसलं जात नसे. विनंती आली की तिची नोंद या मेमरीत करायची आणि लगेच उत्तर द्यायचं. डिस्कवर जायचं काम मागाहून, एकगठ्ठा, फार तर दहा सेकंदांनी.

पुण्यातल्या ऑफिसात मी तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचे अण्णा दिसले. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानात दिवाणजी होते. सौदे चालू असताना तिथे खतावणी कोणी उघडत नसे. खतावणीत प्रत्येक शेतकऱ्याचं, प्रत्येक व्यापाऱ्याचं पान वेगळं; ते शोधत बसायला वेळ कुणाला? हाताशी असायची ती रोजकीर्द. पट्टी झाली, उचल दिली, हमाली-तोलाई कापली, की घडलं त्या क्रमाने कीर्दीत एक ओळ. संध्याकाळी यार्ड शांत झालं की अण्णा कीर्द पुढ्यात घेऊन एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या पानावर चढवत. त्यांचा नियम एकच होता. कीर्दीला लागल्याशिवाय गल्ल्यातून रुपया हलायचा नाही, मालकांनी सांगितलं तरी नाही. अण्णांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, पण जी गोष्ट इंजिनिअरांना पटवून द्यायला मला पुढे तास तास लागले, ती मी त्यांच्या शेजारी पाटावर बसून लहानपणीच पाहिली होती.

वॅफलमधली खरी खुबी पुढे आहे. वीज गेली तरी टिकणारी मेमरी त्या काळी फार महाग, त्यामुळे ती पुरवून वापरायची. बाकीची मंडळी त्या मेमरीत डिस्कचे बदललेले ब्लॉक जसेच्या तसे ठेवत. हिट्झ आणि मंडळींनी ब्लॉक ठेवले नाहीत, विनंतीच ठेवली. एक फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवायची तर दोन्ही फोल्डरांचे ब्लॉक आणि दोन्हींच्या आयनोडचे, म्हणजे त्यांची माहिती ठेवणाऱ्या नोंदींचे, ब्लॉक बदलतात. ८ केबीच्या ब्लॉकने हिशेब केला तर ३२ केबी जागा जाते. 'ही फाइल इथून तिथे हलवा' एवढीच नोंद ठेवली तर सुमारे १५० बाइट पुरतात. घात झालाच तर यंत्र पुन्हा सुरू होताना डिस्कवरची शेवटची सुसंगत स्थिती घ्यायची आणि नोंदवलेल्या विनंत्या क्रमाने पुन्हा पार पाडायच्या. मेमरीचे भाग दोन. एक भरला किंवा दहा सेकंद झाले की त्यातल्या कामांचा गठ्ठा डिस्ककडे निघतो आणि नव्या विनंत्या दुसऱ्या भागात पडू लागतात. डिस्कवर जुनी जागा खोडून लिहायचंच नाही. नव्या जागी सगळं लिहून सर्वांत शेवटी मुळाचा ब्लॉक बदलायचा. तो बदलेपर्यंत जुनं जग शाबूत, बदलल्यावर नवं जग पुरं. अधलंमधलं काही नाही.

या वाटेला मी लागले ती सांगलीच्या वालचंद कॉलेजच्या लायब्ररीतून. परीक्षेपुरतं आम्ही आयआयटी मुंबईच्या प्रा. धनंजय धामधेरे यांचं पुस्तक वापरायचो, आणि ते चांगलंच होतं. पण मला वेड लावलं मॉरिस बाख यांच्या युनिक्सच्या रचनेवरच्या १९८६ च्या पुस्तकाने. त्यातलं बफर कॅशचं प्रकरण मी गोष्ट वाचावी तसं वाचलं. उशिरा लिहिण्याने वेग मिळतो आणि त्याच उशिराने विश्वास जातो, हे बाख तिथे सरळ मांडतात. त्याच सुमारास मार्शल कर्क मॅक्युसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांचा बर्कलेचा १९८४ चा निबंध हाती आला. जुन्या युनिक्स फाइल सिस्टीमला डिस्कच्या क्षमतेचा जेमतेम २ ते ४ टक्के भाग वापरता येई. ब्लॉक मोठे करून आणि एका फाइलचं सामान डिस्कवर जवळजवळ ठेवून त्यांनी तो ४७ टक्क्यांपर्यंत नेला. नुसत्या मांडणीने! यंत्र तेच, पैसा नवा नाही. सांगलीतल्या एका मुलीला आपण आयुष्यभर काय करणार आहोत, ते त्या आकड्यांनी ठरवून टाकलं.

पुण्यात नोकरी लागली ती सेनापती बापट रस्त्यावरच्या एका ऑफिसात. आम्ही फाइल सर्व्हर बनवत होतो. आमच्या मॅडम त्या गटाच्या प्रमुख. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वॅफलच्या निबंधाची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे वाच. समजलं असं वाटलं की माझ्याकडे ये, मग मी विचारते." पेन्सिलीने समासात त्यांनी प्रश्न लिहून ठेवले होते. 'इथेच वीज गेली तर?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पानावर. मॅडम आता निवृत्त आहेत. त्यांचं नाव इथे छापायला त्यांनी नको म्हटलं, म्हणून लिहीत नाही.

मॅडमनी मला जे शिकवलं त्यातलं एक नमुन्यादाखल सांगते. आमची बॅटरीवाली मेमरी एका पीसीआय कार्डावर होती. प्रोसेसर कार्डाकडे मजकूर पाठवतो तेव्हा तो पाठवून मोकळा होतो. मजकूर वाटेत, मधल्या चिपच्या रांगेत असू शकतो. कोडच्या दृष्टीने लिहून झालेलं असतं आणि कार्डावर मात्र अजून काही उतरलेलं नसतं. मॅडम म्हणायच्या, "लिहिलंस ना? आता तिथूनच एकदा वाच." वाचायची विनंती त्याच वाटेने जाते आणि पुढच्या मजकुराला ढकलल्याशिवाय कार्डापर्यंत पोचत नाही. वाचलेलं हातात आलं म्हणजे लिहिलेलं पोचलं. मग उत्तर द्यायचं. त्या एका वाचण्याने प्रत्येक कामामागे थोडा वेळ जायचा. वेगाच्या आकड्यांसाठी तो वाचवा म्हणून वरून दडपण यायचं. मॅडम हटल्या नाहीत. "आपण उत्तर दिलं म्हणजे शब्द दिला," एवढंच म्हणायच्या, आणि विषय तिथे संपायचा.

आता मामांविषयी. लॅबमधे रॅक हलवणं, केबल ओढणं, डिस्क बदलणं ही कामं पाहणारे ते गृहस्थ. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. मॅडमचा दंडक असा की ज्याने कोड लिहिला त्याने वीज तोडायची नाही. कोड लिहिणाऱ्याला घात कुठे होईल याची कल्पना असते आणि नकळत तो ती जागा टाळतो. वीज तोडायची मामांनी, त्यांच्या मनाला येईल तेव्हा. शिवाय एक रॅक आम्ही मुद्दाम यूपीएसवर ठेवला नव्हता. पुण्यात गुरुवार हा विजेच्या देखभालीचा वार. त्या दिवशी वीज जायची, यायची, कधी दिवा मंद होऊन पुन्हा उजळायचा. ती मंद होणारी वीज तर साफ जाणाऱ्या विजेपेक्षा घातक, कारण दाब घसरला की डिस्क आपली आपण नव्याने सुरू होते आणि प्रोसेसर मात्र काही झालंच नाही अशा समजुतीत पुढे चालत राहतो. अशी वीज प्रयोगशाळेत बनवायला अवघड, आणि आम्हाला ती आयती मिळत होती.

चाचणी अशी. यूपीएसवरचं एक यंत्र सर्व्हरकडे ब्लॉक पाठवत राहायचं. प्रत्येक ब्लॉकमधे त्याचा क्रमांक आणि तो शाबूत असल्याची खूण, म्हणजे चेकसम. सर्व्हरकडून 'लिहिलं' असं उत्तर आलं की तो क्रमांक तिसऱ्याच एका यंत्रावर टिपला जायचा. मामा वीज तोडायचे. कार्डावरचा छोटा लाल दिवा लुकलुकू लागायचा. "ताई, आत माल आहे," मामा सांगायचे. वीज जोडली की सर्व्हर उठायचा, विनंत्या पुन्हा चालवायचा आणि मग हिशेब. उत्तर दिलेला प्रत्येक क्रमांक सापडलाच पाहिजे, पुरा. उत्तर न दिलेला असला तरी चालेल, नसला तरी चालेल; पण अर्धा असला तर सपशेल नापास.

महिनोन् महिने सगळं उत्तीर्ण होत होतं. मग एका दुपारी मामा माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "ताई, दर थोड्या वेळानं सगळ्या डिस्कचे दिवे एकदम पेटतात. पेटायच्या जरा आधी ओढून बघू का?"

माझ्या अंगावर काटा आला. फाइल सिस्टीम म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रोज दिवे बघून त्यांना तो दहा सेकंदांचा ठेका कळला होता, आणि जिथे काहीतरी पालटतं ती घटका त्यांनी अचूक हेरली होती. ती घटका मेमरीच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याची. त्यांनी ठेका मनात धरून केबल ओढायला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत हिशेब चुकला. उत्तर दिलेले काही ब्लॉक जुन्या मजकुरासकट परत आले होते.

कारण शोधायला बरेच दिवस गेले. मेमरीच्या माथ्यावर दोन आकडे लिहिलेले असत: कोणता भाग चालू आहे, आणि डिस्कवर गेलेला शेवटचा गठ्ठा कितवा. वेगासाठी तो सगळा पट्टा अशा रीतीने जोडलेला होता की प्रोसेसरने लिहिलेलं थोडं साठवून, एकत्र करून, सोयीच्या क्रमाने कार्डाकडे जाई. क्रम राखण्याची हमी नव्हती. नेमक्या त्या क्षणी वीज गेली की एक आकडा नवा आणि दुसरा जुना असं राहून जाई. यंत्र उठल्यावर चुकीचा भाग आधी चालवला जाई आणि जुन्या विनंत्या नव्यांवर पडत. तो कोड आमच्या आधीपासूनचा, कित्येक नजरांखालून गेलेला. दुरुस्ती मात्र दोन ओळींची निघाली: दोन्ही आकडे आठ बाइटच्या एकाच शब्दात बसवायचे, म्हणजे तो शब्द एक तर पुरा जुना किंवा पुरा नवा, आणि आधीचं सगळं कार्डावर पोचल्याची खात्री झाल्यावरच तो लिहायचा.

दोषांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या यंत्रणेत 'शोधणारा' असा एक रकाना असे. मामांचं तिथे खातं नव्हतं. मॅडमनी ते उघडायला लावलं आणि त्या रकान्यात मामांचं पूर्ण नाव घातलं. या लेखात नाव देऊ का, म्हणून मी त्यांना मागच्या महिन्यात फोन केला. "मासिकात नको ताई, कंपनीच्या वहीत आहे तेवढं पुरे," म्हणाले.

२००९ मधे जेरेमी काँडिट आणि त्यांच्या मायक्रोसॉफ्टमधल्या सहकाऱ्यांचा बीपीएफएसवरचा निबंध आला. नव्या जातीची मेमरी येऊ घातली होती, जी बॅटरीशिवायच लक्षात ठेवते आणि जिच्यातला एकेक बाइट प्रोसेसरला थेट लिहिता येतो. तिच्यासाठी फाइल सिस्टीम कशी बांधावी, हा प्रश्न. त्यांच्या रचनेचा पाया म्हणजे आठ बाइटचा एक शब्द अखंडपणे लिहिला जाण्याची हमी आणि लिहिण्याच्या क्रमाला घातलेले बांध. मी ते वाचून थेट मॅडमना फोन लावला होता. मामांची केबल आणि हा निबंध एकाच जागेवर बोट ठेवत होते.

आणखी दोन निबंधांचं देणं आहे. मेरी बेकर, सातोशी असामी, एतिएन डेप्रिट, जॉन ऑस्टरहाउट आणि मार्गो सेल्ट्झर यांनी १९९२ मधे बर्कलेच्या स्प्राइट प्रणालीतल्या प्रत्यक्ष वापराच्या नोंदी घेऊन बॅटरीवाल्या मेमरीचा फायदा मोजला. सर्व्हरवर प्रत्येक फाइल सिस्टीममागे फक्त अर्धा एमबी दिली तर बहुतेक ठिकाणी डिस्कच्या फेऱ्या सुमारे २० टक्क्यांनी घटतात. व्यवहारांची सतत वर्दळ असलेल्या एका फाइल सिस्टीमवर त्या तब्बल ९० टक्क्यांनी घटल्या. पण मला त्याहून मोठी वाटली ती त्यांची सचोटी. वापरणाऱ्याच्या यंत्रात ही मेमरी वाढवत गेलं तर फायदा झपाट्याने ओसरतो, आणि त्या वेळच्या भावात तेवढ्याच पैशात साधी मेमरी जास्त वेग देते, हेही त्यांनी त्याच निबंधाच्या सारांशात छापलं. ज्या गोष्टीची शिफारस करायची तिच्या मर्यादाही पहिल्याच पानावर सांगायच्या, हा धडा मी तिथून घेतला. पुढे 'दुप्पट मेमरी घालू या' म्हणणाऱ्यांशी वाद घालताना तो निबंध मी हातात धरूनच बसायचे.

दुसरा निबंध २००२ चा, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला. अ‍ॅन-आय वांग, पीटर रायहर, जेराल्ड पोपेक आणि जेफ्री क्युनिंग यांची 'काँक्वेस्ट' फाइल सिस्टीम. आम्ही सगळे टिकाऊ मेमरीला डिस्ककडे जाणाऱ्या वाटेवरचा थांबा समजत होतो. त्यांनी ती मुक्कामाची जागा मानली. सगळ्या छोट्या फाइली, सगळी फोल्डरं, फाइलींची सगळी माहिती कायमची मेमरीतच. डिस्कवर फक्त मोठ्या फाइलींचा मजकूर. यात वेग तर मिळतोच, पण खरी कमाई दुसरीकडे आहे. छोटी फाइल डिस्कवर कधी जाणारच नसेल तर तिच्यासाठी डिस्कवरची जागा शोधणं, ब्लॉकांचे हिशेब, कॅशमधून कोणाला हाकलायचं याचे निर्णय, हा सगळा कोडच त्या वाटेवरून निघून जातो. आणि डिस्ककडे उरतं ते मोठं, सलग काम, जे ती उत्तम करते. दोन माध्यमं एकत्र आणताना ज्याला जे साधतं ते त्याला द्यावं, हे इतक्या स्वच्छपणे मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. माझ्या मते हा निबंध त्याच्या योग्यतेइतका वाचला गेला नाही.

इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ च्या जुलैमधे थ्रीडी क्रॉसपॉइंट जाहीर केलं आणि २०१९ मधे ऑप्टेन टिकाऊ मेमरीच्या पट्ट्या बाजारात आल्या, १२८, २५६ आणि ५१२ जीबीच्या. तोवर मी स्वतः एका गटाची प्रमुख झाले होते. आमच्या आठ एमबीच्या कार्डाच्या आठवणीवर हे आकडे वाचताना मन भरून आलं. पण हाती वस्तू आल्यावर कळलं की आधीच्या अनेक वर्षांचे निबंध साध्या मेमरीलाच टिकाऊ समजून, म्हणजे अंदाजाने लिहिलेले होते. खऱ्या पट्टीचा स्वभाव वेगळा. कुठूनही वाचायचं तर सुमारे ३०० नॅनोसेकंद, म्हणजे साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट. आणि आतून ती २५६ बाइटच्या घासानेच काम करते. ६४ बाइट लिहिले तरी आत २५६ ची उलथापालथ. हे सगळं सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टीव्हन स्वॉन्सन यांच्या गटाने मोजून २०२० च्या 'फास्ट' परिषदेत मांडलं. त्यांनी ते कष्ट घेतले नसते तर आमच्या गटाचं वर्ष वाया गेलं असतं. आम्ही नोंदींचा आकार त्या घासाला बेतला आणि गाडी रुळावर आली.

आमच्या रचनेवर सर्वांत मोठी छाप आहे ती २०१७ च्या 'स्ट्राटा'ची. यंगजिन क्वॉन, एमेट विचेल, टॉम अँडरसन आणि सहकाऱ्यांची ही फाइल सिस्टीम टिकाऊ मेमरी, एसएसडी आणि फिरती डिस्क या तिन्ही मजल्यांवर एकदम राहते. प्रत्येक प्रोग्रॅमची नोंदवही टिकाऊ मेमरीत, ऑपरेटिंग सिस्टीमला मधे न घेता थेट लिहिलेली. मागाहून त्या नोंदी एकत्र करून सामायिक जागी चढवायच्या आणि थंड पडलेला मजकूर खाली डिस्कपर्यंत न्यायचा. नोंद चढवण्याआधीच एखादी तात्पुरती फाइल पुसली गेली, तर ती खाली जातच नाही. ऑस्टरहाउट यांच्या गटाने १९८५ मधेच मोजून दाखवलं होतं की नव्याने लिहिलेल्यापैकी बहुतेक मजकूर काही मिनिटांत पुसला किंवा बदलला जातो. बत्तीस वर्षांपूर्वीचं ते मोजमाप इथे कामी आलं. मोजून ठेवलेली गोष्ट अशी टिकते.

२०२२ च्या जुलैमधे इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आमच्या गटातली तरुण मुलं खचली. मला वाईट वाटलं, पण मी खचले नाही. बॅटरीवाली कार्डं गेली तेव्हाही काम राहिलं होतं. कपॅसिटरच्या आधारावर वीज जाताना स्वतःला फ्लॅशमधे उतरवणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या आजही आहेत, वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्याइतकी शिदोरी बाळगणाऱ्या एसएसडी आहेत, आणि मोठ्या साठ्यासाठी फिरती डिस्क अजून हटलेली नाही. उत्तर कधी द्यायचं, नोंदीचा क्रम कसा राखायचा, कोणता मजकूर कुठे मुक्कामाला ठेवायचा, हे प्रश्न त्या प्रत्येकीबरोबर पुन्हा येतात. आमच्या रचनेतला बराचसा कोड आम्हाला तसाच नव्या यंत्रांवर नेता आला.

हे ऋण फेडायचं म्हणून मी सध्या शनिवारी एका इंजिनिअरिंग कॉलेजात फाइल सिस्टीम शिकवते. अँड्रिया आणि रेम्झी आर्पाची-ड्यूसो या विस्कॉन्सिनच्या दांपत्याने ऑपरेटिंग सिस्टीमवरचं आपलं अख्खं पुस्तक इंटरनेटवर फुकट ठेवलं आहे. आमच्या मुलांचं तेच क्रमिक पुस्तक. लायब्ररीत एकच प्रत आणि ती बाहेर गेलेली, ही अडचण या मुलांना नाही. यूसेनिक्सनेही २००८ पासून आपल्या परिषदांचे निबंध सर्वांना खुले केले आहेत. वाचायला काहीच कमी नाही. कमी आहे ती वीज तोडून बघण्याची सवय. मुलं कोड लिहितात, तो चालतो, वेगाचे आलेख काढतात आणि गुण मिळतात. मधेच वीज गेली तर काय उरेल, हे कुणी बघत नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. साठवणुकीवरचा कुठलाही प्रकल्प, मग तो फाइल सिस्टीमचा असो, डेटाबेसचा असो की साध्या मोबाइल अ‍ॅपचा, वीज तोडण्याच्या चाचणीशिवाय स्वीकारू नका. त्याला फार काही लागत नाही: एक जुनी डिस्क, एक छोटा बोर्ड, क्रमांक टिपणारं दुसरं यंत्र आणि एक स्विच. स्विच विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नका, लॅबमधल्या मामांना किंवा मावशींना द्या, आणि वेळ त्यांना ठरवू द्या. काही सापडलं तर अहवालात 'शोधणारा' म्हणून त्यांचं नाव त्यांना विचारून घाला.